टी-शर्टांची गोधडी : सोपी कृती, अवघ्या काही महिन्यांत

तुमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात टी-शर्टांचा ढीग आहे. नाही म्हणू नका, आहे. त्यातले निम्मे तुम्ही विकत घेतलेलेच नाहीत, ते आपोआप येत गेले. कॉलेजच्या गॅदरिंगचा, कंपनीच्या ऑफसाइटचा, सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटचा, रक्तदान शिबिराचा, दहा किलोमीटर धावल्याचा, आणि दहा किलोमीटरला नाव नोंदवून न धावल्याचा. ते अंगात घालवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. अशा वेळी सुज्ञ माणूस काय करतो? २०-२५ हजारांचं मशीन विकत घेतो.

आज आपण जुन्या टी-शर्टांची गोधडी ओव्हरलॉक मशीनवर शिवायला शिकू. शिवणकामाचा अनुभव नसला तरी चालेल. असला तर मात्र जरा त्रास होईल, कारण अनुभवी माणूस पहिल्याच पायरीला ‘पण कशाला?’ असं विचारतो. तुम्ही विचारू नका. घरात कुणी विचारलं तर ‘पर्यावरण’ म्हणा. त्यापुढे सहसा कुणी हिशेब मागत नाही.

पायरी १ : टी-शर्ट वेळेत अडवा

मराठी घरात टी-शर्टाच्या बदल्या ठरलेल्या असतात. पहिली एक-दोन वर्षं बाहेर. मग घरात. मग फक्त झोपताना. मग एक रंगपंचमी. त्यानंतर त्याच्या बाह्या कापल्या जातात आणि तो ओट्यावर रुजू होतो. तिथून बाइक पुसायला, आणि सेवेच्या अखेरीस मोरीच्या दाराशी पायपुसणं म्हणून, छातीवरची ‘टीम लीडर’ ही अक्षरं शाबूत ठेवून. ही व्यवस्था फुकट चालते, तिला मशीन लागत नाही आणि शेवटी मागे काहीही उरत नाही. म्हणजे हस्तकलेच्या दृष्टीने ती सर्वस्वी निरुपयोगी आहे.

तुम्हाला टी-शर्ट झोपण्याच्या टप्प्यावरच अडवायचा आहे. पुढे सरकू दिलात तर त्याला हळद लागते, आधी हात घातलात तर घरात वाद होतो. गोधडीला असे ३० लागतील.

अडवताना परवानगी मागू नये, हा या कलेतला पहिला नियम. ‘काय रे, हा घालतोस का अजून?’ असं मुलाला विचारलंत की तो त्याच संध्याकाळी घालून दाखवतो. वडिलांचं प्रकरण आणखी नाजूक. ‘बाबा, हा विरलाय हो,’ म्हटलं की ते तो उजेडाकडे धरतात, आरपार पाहतात आणि ‘चांगला तर आहे’ म्हणून अंगात घालतात. तेव्हा दोरीवरूनच परस्पर उचला. चौकशी झाली तर ‘इस्त्रीला गेलाय’ सांगा. टी-शर्ट इस्त्रीला कधीपासून जायला लागले, हा प्रश्न त्यांना सुचेपर्यंत तुमचे चौकोन कापून झालेले असतील.

ओटा आणि बाइक मात्र पुसायची राहतेच. त्यासाठी मायक्रोफायबरच्या फडक्यांचं पाकीट विकत आणा. याला पुनर्वापर म्हणतात.

पायरी २ : वर्गवारी करा

सगळे टी-शर्ट जमिनीवर पसरा. पंखा बंद ठेवा. कामाच्या मावशी येऊन ‘ताई, हे धुवायला टाकू का?’ म्हणाल्या तर खचू नका. कलाकाराला हे ऐकावंच लागतं.

साधा सुती टी-शर्ट सर्वोत्तम. तिरुपूरहून येणारा १८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा, दहा धुण्यांनंतर मऊ झालेला. गोधडीसाठी हाच हवा, पण तुमच्या ढिगात तो नेमका नसेल. तो तुम्ही अंगात घातला आहे.

मग येतो ड्रायफिट. धावण्याच्या स्पर्धांमधून मिळतो तो. हे कापड शंभर टक्के पॉलिएस्टर, खास घाम बाहेर घालवण्यासाठी केलेलं. पांघरूण ऊब आत ठेवतं आणि ड्रायफिट ओल बाहेर काढतो, तेव्हा दोघांना एकत्र शिवलं की अंगावर काहीच नसल्याचा अनुभव येतो. तोही गुळगुळीत. रात्री तुम्ही एका बाजूला आणि गोधडी दुसऱ्या बाजूला.

कॉलरवाला टी-शर्ट कंपनी देते. त्याचं कापड चांगलं जाड असतं. अडचण एवढीच की बोधचिन्ह छातीच्या डाव्या कोपऱ्यात, शर्टाच्या बटणाएवढं. ते चौकोनाच्या मध्यावर आणायचं तर एका बाजूने बटणपट्टी आत येते, दुसऱ्या बाजूने काख. कंपनी बंद पडली असेल तर हा चौकोन जरूर घ्या. ‘आपण सगळे एक कुटुंब’ हे वाक्य पांघरून झोपण्यातली मजा ज्याची नोकरी गेली त्यालाच कळते.

प्रचारातले टी-शर्ट पातळ असतात. त्यांच्याकडून एका निवडणुकीपेक्षा जास्त अपेक्षा कुणाचीच नव्हती. कुठला पक्ष कुणाच्या शेजारी लावायचा याचा फार विचार करू नका. फक्त पक्की शिवण घालू नका. महाराष्ट्रात सध्या कच्चा टाका पुरतो.

आता खरा पेच. गणपती मंडळाचा टी-शर्ट. पाठीवर ‘कार्यकर्ता’ हा शब्द आणि त्याखाली एक ज्वेलर, एक पोळी-भाजी केंद्र आणि एक माजी नगरसेवक. ते कापून टाकता येईल. पण पुढे साक्षात बाप्पा. बाप्पावर कात्री चालवायची? बरं, चौकोन बाप्पाच्या बाहेरून कापला, तरी तो गोधडीत कुठे लावायचा? पायाशी तर नाहीच. मध्यावर लावला तर त्यावर पोट येतं, कडेला लावला तर कुणीतरी त्याच्यावर बसतं. डोक्याकडच्या पहिल्या ओळीत लावावा, असा तोडगा जाणकार सुचवतात. पण रात्री दोन वाजता अंधारात गोधडी ओढून घेणारा माणूस तिचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे पाहत नाही. सकाळी उठून आजी पाहते. शिवाजी महाराजांच्या टी-शर्टाबाबतही हीच मर्यादा पाळायची आहे, फक्त तिथे आजीऐवजी अख्खी गल्ली पाहते.

यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे तो टी-शर्ट नीट घडी करून परत कपाटात ठेवणे. त्याचा पोतेरा होत नाही, गोधडी होत नाही, तो कुणाला देताही येत नाही. पुढच्या भाद्रपदात त्याला जोडीदार मिळतो.

पायरी ३ : मशीन आणा आणि लगेच झाका

ओव्हरलॉकला आपल्याकडचे टेलर बहुधा इंटरलॉक म्हणतात. तुमचा कुठलाही टी-शर्ट उलटा करून खांद्याजवळ पाहा. ती दोऱ्यांच्या वेणीने बांधलेली कड म्हणजेच ओव्हरलॉक. कारखान्यात ती उत्तम घातलेली आहे. तुम्ही ती शिवण कापून टाकणार आहात आणि घरी बसून तीच पुन्हा, थोडी वाकडी, घालणार आहात. हे एकदा नीट समजून घ्या, कारण नंतर रात्री एकदम लक्षात आलं तर झोप जाते.

हे मशीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मेरो नावाच्या घराण्याने घडवलं. त्यांची विणलेल्या कापडाची गिरणी होती आणि कापडाच्या कडा उसवू नयेत ही त्यांची गरज होती. तुमची तशी काही गरज नाही. पण मशीनला ते कळत नाही.

नेहमीच्या मशीनमध्ये वर रीळ, खाली बॉबिन. इथे बॉबिन नाही. इथे दोऱ्याचे तीन किंवा चार कोन, एक-दोन सुया, आणि पोटात दोन लूपर, म्हणजे दोऱ्याचे फास एकमेकांत अडकवणाऱ्या वाकड्या पोलादी बोटांसारख्या काड्या. शेजारी एक सुरी. ती शिवता शिवता कड कापत जाते. म्हणजे शिवण चुकली तर कापड आधीच कापलेलं असतं. पश्चात्तापाची सोय या यंत्रात केलेली नाही.

दोरा ओवणं. मशीनचं दार उघडा. आत लाल, निळे, हिरवे, पिवळे ठिपके दिसतील. ज्या कोनाचा जो रंग, त्या ठिपक्यांवरून तो दोरा न्यायचा. आधी वरचा लूपर, मग खालचा लूपर, सगळ्यात शेवटी सुया. हा क्रम पाठ करा. खालच्या लूपरचा दोरा तुटला (तो तुटतोच, आणि तोच तुटतो) तर नुसता तेवढाच ओवून चालत नाही. आधी सुयांमधला दोरा काढायचा, मग लूपर ओवायचा, मग सुया पुन्हा. ही शिस्त मोडलीत तर दोरा पहिल्या दहा टाक्यांत परत तुटेल. तुम्ही म्हणाल मशीन खराब आहे. मशीन बरोबर आहे, हीच तर तक्रार.

खालच्या लूपरचं भोक अशा ठिकाणी आहे की तिथे बोट जात नाही, नजर जाते पण वाकून, आणि चिमटा जातो पण दोरा न घेता. सोबत चिमटा दिलेला असतो, यावरून मशीन बनवणाऱ्यांना परिस्थितीची कल्पना होती हे दिसतं. मान अवघडली तर थोडा वेळ आडवे पडा. वर छताकडे पाहा. आणि उठून पुन्हा वरच्या लूपरपासून सुरुवात करा.

यातून जुन्याजाणत्यांनी एक युक्ती काढली आहे. दोऱ्याचा रंग बदलायचा असेल तर जुना दोरा ओढून काढायचा नाही. कोनापाशी कापायचा, नव्याची गाठ मारायची, ताण सैल करायचा आणि आख्खी वरात मशीनमधून ओढून घ्यायची. फक्त सुईच्या नेढ्याशी गाठ अडते, तिथे कापून सुई तेवढी हाताने ओवायची. तज्ज्ञांचा याहून मोलाचा सल्ला असा की रंग बदलूच नये. एकदा राखाडी ओवा आणि राखाडीतच म्हातारे व्हा.

पायरी ४ : कापा, चिकटवा, वजन करा

पुठ्ठ्याचा १२ इंची चौकोन साचा म्हणून कापून घ्या. तो छापावर ठेवा. छाप १४ इंचांचा निघेल. ‘मी पुणेकर’ मधला ‘मी’ किंवा ‘कर’ यांपैकी एक सोडावा लागेल. कुठलं सोडायचं ते तुमच्या स्वभावावर आहे.

टी-शर्टाचं कापड विणलेलं, म्हणजे फासाफासांचं असतं. ते कापलं की त्याला वळण लागतं. उभ्या कडा मागच्या बाजूला गुंडाळतात, आडव्या कडा पुढच्या बाजूला. चौकोन टेबलावर ठेवून चहा घेऊन आलात तर तिथे सुरळी असते. म्हणून प्रत्येक तुकड्याला मागून फ्यूजिंग लावायचं असतं, इस्त्रीने चिकटणारं. यामुळे सुती टी-शर्टात जी एकच चांगली गोष्ट होती, मऊपणा, ती जाते आणि कापड कॉलरसारखं ताठ उभं राहतं.

इस्त्री करताना छापाकडे लक्ष असू द्या. रबरासारखा जाड छाप बहुधा प्लास्टिसोलचा, म्हणजे प्लास्टिकच्या शाईचा असतो. इस्त्री थेट ठेवलीत तर छाप इस्त्रीला चिकटतो आणि तिथून उद्याच्या पांढऱ्या शर्टावर जातो. मध्ये बटर पेपर घाला. ड्रायफिटला जोराची इस्त्री सोसत नाही आणि फ्यूजिंग कोमट इस्त्रीला दाद देत नाही. या दोघांमध्ये समेट घडवणारं तापमान इस्त्रीच्या बटणावर छापलेलं नसतं. हळूहळू हुडका. वास आला की तुम्ही पुढे गेलात.

आता जरा वजनकाटा आणा, भाजीचा असेल तरी चालेल. मध्यम मापाचा टी-शर्ट साधारण १८० ग्रॅम भरतो. त्यातून काढलेला १२ इंची चौकोन भरतो साधारण १७ ग्रॅम. म्हणजे ३० टी-शर्टांचं ५ किलो ४०० ग्रॅम कापड तुम्ही कापायला घेतलंत, त्यातलं जेमतेम अर्धा किलो गोधडीत जाईल. उरलेलं पाच किलोच्या आसपास कातरण आहे. बाह्या ६०, गळे ३०, आणि पाठी. पाठींचेही चौकोन वापरले तर हिशेब थोडा सुधारतो, पण मग सगळे प्रायोजक गोधडीत येतात.

कातरणाची पिशवी माळ्यावर टाका. तिच्यावर ‘उश्यांसाठी’ असं लिहा. अशी पिशवी प्रत्येक हौशी माणसाच्या माळ्यावर असते आणि तिच्यातून आजवर एकही उशी बाहेर आलेली नाही.

पायरी ५ : शिवा

टाचण्या लावू नका. सुरी टाचणीवर आली की टाचणीचे दोन तुकडे होतात. एक मशीनमध्ये जातो, दुसरा कुठे गेला ते अनवाणी चालताना कळतं. त्याऐवजी चिमटे वापरा, पोह्यांच्या पाकिटाला लावतो तसलेच. तेही सुरीच्या अलीकडे काढायचे असतात. हे वाक्य पुन्हा वाचा.

सुई गोल टोकाची घ्या, ती विणीच्या फटीतून शिरते, धागा तोडत नाही. डिफरेन्शियल फीड नावाचं एक चाक दिसेल. कापड सरकवणारे पुढचे आणि मागचे दात वेगवेगळ्या वेगाने चालावेत यासाठी ते असतं. आकडा एकच्या वर नेला की ताणलेलं कापड आवरलं जातं, खाली नेला की कडेला झालर येते. झालर आली तर ‘मुद्दाम केली’ म्हणा. हस्तकलेत या दोन शब्दांवर अनेकांची कीर्ती उभी आहे.

घरगुती मशीन मिनिटाला १३०० टाक्यांपर्यंत धावतं, म्हणजे सेकंदाला एकवीसच्या पुढे. बारा इंचांची कड सहा-सात सेकंदांत संपते. उसवायला अर्धा तास. त्यामुळे पायपट्टी हळूच दाबा. पहिल्यांदा ती दबत नाही, मग एकदम दबते, आणि ‘सातारा’चा ‘सा’ कोपऱ्यातल्या कचऱ्यात पडलेला असतो. तो शोधून पुन्हा जोडण्याचा मोह टाळा. ‘तारा’ हेही छान नाव आहे.

दोऱ्याचं गणितही करून ठेवा. पाच चौकोन रुंद, सहा लांब अशा गोधडीत आतल्या जोडांची लांबी ४९ फूट आणि कडेची २२, एकूण ७१ फूट. साध्या मशीनला शिवणीच्या अडीच पट दोरा पुरतो. तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला जवळपास १४ पट लागतो. म्हणजे सुमारे १००० फूट दोरा, जो जुना नाही, वापरलेला नाही, आणि पॉलिएस्टरचा आहे. फ्यूजिंगही नवं, अस्तरही नवं, सुया नव्या. पुनर्वापराचं हे काम पूर्णत्वाला नेताना घरात किती नव्या वस्तू आल्या ते मोजायला घेऊ नका. मन लावून शिवा.

जिथे चार चौकोन भेटतात तिथे कापडाचे आणि फ्यूजिंगचे बरेच थर एकाच ठिकाणी येतात. ओव्हरलॉकची शिवण उलगडून सपाट करता येत नाही, तेव्हा एका ओळीच्या शिवणी डावीकडे दाबा, पुढच्या ओळीच्या उजवीकडे. तरीही गाठोडं होईलच. मशीन तिथे आल्यावर आधी आवाज बदलतं, मग खट् करून सुई मोडते. असे भेटण्याचे २० बिंदू आहेत. पाच सुयांचं पाकीट पुरेल असं दुकानदार सांगेल. त्याने ही गोधडी शिवलेली नाही.

घरातलं कुणीतरी एव्हाना चहाचा कप घेऊन बाजूला उभं राहील आणि जुन्या कपड्यांची ब्लँकेटं पानिपतला होतात, अशी माहिती देईल. माहिती खरी आहे. हरियाणातल्या त्या शहरात देशोदेशीचे टाकलेले कपडे गाठोड्यांनी येतात. बटणं आणि चेन काढून, रंगांप्रमाणे निवडून, फाडून त्यांचं सूत काढतात आणि स्वस्तातली ब्लँकेटं विणतात. निवडतानाच रंग वेगळे केल्यामुळे रंगवायचीही गरज उरत नाही. आपत्तीनंतर मदत म्हणून वाटतात ती बरीचशी तीच. पण मराठी घरात हा विषय सुरू होऊ देऊ नका. पानिपत म्हटल्यावर चर्चा पाच मिनिटांत १७६१ वर जाते, भाऊसाहेबांनी यमुना ओलांडायला हवी होती की नव्हती यावर दोन गट पडतात, आणि तुमचा दोरा सुटतो.

पायरी ६ : अस्तर

फ्लीसचं घ्या. एका रंगाचं. जास्त विचार करू नका, पैसे गेलेच आहेत.

पायरी ७ : थर जोडा, म्हणजेच मावशींना बोलवा

इथे एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली होती. ओव्हरलॉक फक्त कडेला शिवतं. सुरी बाजूला असल्यामुळे त्याला कापडाच्या मधोमध टाका घालताच येत नाही. आणि वरचा थर, अस्तर हे मधून जोडले नाहीत तर दुसऱ्या धुण्याला अस्तर एका कोपऱ्यात गोळा होतं. म्हणजे गोधडीला जो टाका गोधडी बनवतो, तो धावदोरा, या मशीनला येत नाही. हे मशीन घेण्याआधी सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं.

धावदोरा घालणाऱ्या बायका मात्र आहेत. पुण्यासारख्या शहरातसुद्धा घरोघर फिरून किंवा फुटपाथवर बसून गोधड्या शिवून देतात. जुन्या साड्यांचे थर पसरायचे, त्यावरच बसायचं, कडेपासून सुरुवात करून एकात एक फेरे घेत आत यायचं. पट्टी नाही, खडू नाही, चिमटे नाहीत, ठिपके नाहीत. टाके सगळे एका मापाचे.

तुमची कलाकृती त्यांच्यापुढे अभिमानाने पसरा. मावशी आधी ती दोन बोटांत धरून ताणून पाहतील. मग ‘फिनिशर’ या अक्षरांवर सुई टेकवतील.

“ताई, ह्यात सुई शिरंना. रबर हाय हे.”

“मग कडेकडेने घाला ना, मावशी.”

“घालते की. पर ह्याला ऊब न्हाई. जुनं पातळ हाय का घरात एखादं? आत घालते.”

आईचं नेसून नेसून मऊ झालेलं पातळ काढून द्या. ते घातलं की गोधडी खरोखर गरम होईल. पाहणाऱ्याला ते दिसत नाही. जाता जाता मावशी माळ्यावरची पिशवी मागतील, कातरण गोधडीत भरायला चांगलं म्हणून. देऊन टाका. ‘उश्यांसाठी’ असं लिहिलेलं दिसलं तरी मन घट्ट करा. आणि मजुरीत घासाघीस करू नका. मशीनवाल्याकडे तुम्ही केली नव्हती.

पायरी ८ : वापर आणि निगा

गोधडी तयार आहे. ती कागदावर सहा फूट बाय पाच फूट होती. शिवणींनी प्रत्येक चौकोनाचा अर्धा इंच खाल्ला, सुरीने थोडा आणि उसवण्याने आणखी थोडा. त्यामुळे उंच माणसाने अंथरूण पाहून पाय पसरावे, लहान मुलाला मात्र ऐसपैस होते. छापाचा भाग अंगाकडे आला तर उकाड्यात चिकटतो, थंडीत गार लागतो. मुंबईकरांना यातलं दुसरं कळण्याचा प्रश्न येत नाही.

धुताना गार पाणी, उलटी करून, हलक्या फेऱ्यावर. पिळू नका. इस्त्री तर नकोच, इस्त्रीने तिच्यासाठी पुरेसं केलं आहे. वाळत घालताना छपाईची बाजू रस्त्याकडे ठेवा. ‘सोसायटीतल्या जोशीकाकूंचा मॅरेथॉनशी काय संबंध’ अशी चर्चा सुरू होणं हे यशाचं पहिलं लक्षण.

पाहुण्यांना ती आग्रहाने द्या. पाहुणे कौतुक करतील, एकेक चौकोन वाचून ‘हे काय होतं?’ असं विचारतील आणि तुम्ही तो इव्हेंट कुठला होता ते आठवत बसाल. दिवे मालवल्यावर ते हळूच उठून कपाटातली सोलापुरी चादर काढून घेतील. वाईट वाटून घेऊ नका. ती चादर काहीशे रुपयांत येते, भौगोलिक मानांकन मिरवते आणि तिच्यावर कुणाची ऑफसाइट छापलेली नसते. तिच्याशी स्पर्धा करायची आपली तयारीच नव्हती.

शेवटची सूचना नीट वाचा, कारण इथे पुष्कळ लोक फसतात. गोधडीचा फोटो कुणालाही पाठवू नका. पाठवलात तर आठवड्याच्या आत एखादी मैत्रीण, चुलत नणंद किंवा ऑफिसातला सहकारी दारात उभा राहील. हातात भलीमोठी पिशवी, पिशवीत तीस टी-शर्ट. ‘तुला आवडतं ना हे सगळं, मग माझी पण एक करून दे ना. घाई नाही, दिवाळीपर्यंत दिलीस तरी चालेल.’ बेल वाजली की आधी मशीनवर सोलापुरी चादर टाका. डबलबेडची असेल तर कोनांसकट झाकलं जातं. मग दार उघडा आणि सांगा की मशीन विकलं.